पाळकबाई आणि सरकारी शाळा

लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या बाईनं काय बघावं? बाळ बघावं, बाळंतिणीचं खाणंपिणं बघावं आणि वेळ उरलाच तर खिडकीतून बाहेरचं बर्फ बघावं. मीही तेवढंच ठरवून गेले होते. २०२२ च्या सप्टेंबरात डिंक, आळीव, सुंठ असं सगळं बॅगेत कोंबून मी आयोवा राज्यात पोचले. न्यूयॉर्क नाही, कॅलिफोर्निया नाही, आयोवा! आमच्या गल्लीत कुणी नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. जिकडे बघावं तिकडे मका, नाहीतर सोयाबीन. राजधानीचं नाव लिहितात 'डेस मॉइन्स' आणि म्हणतात 'दे मॉइन'. तिच्या पश्चिमेला डॅलस काउंटी आहे, तिथं लेकीचं घर.

मोठी नात पाच वर्षांची, जवळच्याच सरकारी शाळेत जायची. तिला सोडायला-आणायला मी जाऊ लागले. वाटेत घरापुढच्या हिरवळीवर लहान लहान पाट्या खोचलेल्या दिसायच्या. आपल्याकडे निवडणुकीत भिंती रंगतात, तिथं गवतात पाट्या उगवतात. त्यांत एक नाव वारंवार दिसायचं, सारा ट्रोन गॅरियट. बाईचं नाव म्हणून लक्षात राहिलं.

''कोण गं या?'' मी लेकीला विचारलं.

''आमदार आहेत. परत उभ्या आहेत. पाळक आहेत त्या.''

''पाळक म्हणजे? चर्चमधल्या?''

''हो अगं, रेव्हरंड. शाळांसाठी भांडतात म्हणे.''

मी नगर जिल्ह्यातली. आमच्याकडे ख्रिस्ती वस्ती जुनी आहे, त्यामुळे 'पाळक' हा शब्द मला नवा नव्हता. पण पाळक म्हटलं की डोळ्यांपुढे पांढऱ्या कॉलरचे, हळू आवाजात बोलणारे एक गृहस्थ यायचे. बाई पाळक, वर आमदार, वर निवडणुकीला उभी! ज्या लुथरन पंथाच्या या सारा, त्यात अमेरिकेत बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळू लागली ती १९७० मध्ये. म्हणजे मी बालवाडीत असताना. हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं.

मला खरं कोडं पडलं ते वेगळंच. पाळक शाळांसाठी भांडतात यात नवल काय? आमच्या नगरला शिक्षण आलं त्यातलं बरंचसं मिशनच्या वाटेनं आलं. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत उतरली, पुढे नगरला आली आणि मरेपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिली. सावित्रीबाई फुल्यांनी नगरला शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते या फरारबाईंकडे, असं चरित्रकार सांगतात. पण तो झाला चर्चचा शाळा काढण्याचा उद्योग. या बाई तर म्हणत होत्या की, सरकारनं खासगी शाळांच्या फीसाठी पैसा देऊ नये, तो सरकारी शाळांनाच द्यावा. आणि आयोवातल्या खासगी शाळा म्हणजे बहुतेक सगळ्या ख्रिस्ती! स्वतःच्याच धर्माच्या शाळांकडे येणारा पैसा ही पाळकबाई का अडवतेय? आपल्याकडे असा एखादा महाराज किंवा मौलाना दाखवा बरं.

हे कोडं सोडवून दिलं शेजारच्या आजींनी. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका. माझं इंग्रजी म्हणजे पाचवी ते सातवीला शिकवण्यापुरतं, आणि त्यांचं कानाला ऐकू येणं बेताचं. पण मास्तरणीला मास्तरीण भेटली की भाषा फारशी आड येत नाही. दुपारी बाळ-बाळंतीण झोपले की मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची. त्या पाणीदार कॉफी करायच्या, मी डिंकाचा लाडू न्यायची. (तो त्यांना दगडासारखा वाटला, पण त्यांनी बुडवून बुडवून संपवला.)

एक दिवस त्यांनी ड्रॉवरमधून एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. पाव डॉलरचं. अमेरिकेत एकेका राज्याच्या नावानं अशी नाणी निघाली, आयोवाचं २००४ मध्ये निघालं. त्यावर काय असावं? मका नाही, ट्रॅक्टर नाही. एक खोलीची शाळा, बाहेर मुलं आणि त्यांच्या बाई झाड लावतायत. ग्रँट वुड या आयोवाच्याच चित्रकाराच्या चित्रावरून घेतलेलं, आणि बाजूला 'शिक्षण हाच पाया' अशा अर्थाचे शब्द. एके काळी या राज्यात अशा एकखोली शाळा बारा हजारांच्या वर होत्या. आजी स्वतः तसल्याच एका शाळेत शिकल्या होत्या. मधोमध शेगडी, आठ इयत्ता एकत्र आणि बाई एकच. मी म्हटलं, ''आमच्याकडे अजून आहेत. मी चौदा वर्षं अशाच शाळेवर काढली.'' आजींनी माझ्याकडे जे बघितलं ना, त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

आजींनीच सांगितलेली आणखी एक गोष्ट. मस्कटीन नावाच्या गावात सुझन क्लार्क ही बारा वर्षांची काळी मुलगी होती. गावातल्या सरकारी शाळेनं तिला घेतलं नाही, 'तुमची वेगळी शाळा आहे ना, तिकडे जा' म्हणून. तिचा बाप न्हावीकाम करून वर आलेला, त्यानं शाळेला कोर्टात खेचलं. १८६८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, सरकारी शाळा सगळ्या मुलांची आहे, रंगावरून दार लावता येणार नाही. अख्ख्या देशासाठी असा निकाल यायला पुढे १९५४ साल उजाडलं! १८६८ मध्ये आपल्याकडे काय होतं? फुल्यांनी त्याच वर्षी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. मी आजींना हे सांगायला गेले, पण 'हौद' या शब्दापाशीच माझं इंग्रजी अडलं.

तर आता मूळ भांडण काय होतं ते सांगते. आयोवाच्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांना एक योजना आणायची होती. सरकार एका मुलामागे सरकारी शाळेला जेवढी रक्कम देतं तेवढी रक्कम, खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या नावानं खात्यात भरायची. आईबापांनी त्यातून फी भरायची. ऐकायला किती छान! गरिबाच्या मुलालाही श्रीमंताची शाळा. लेकीच्या ओळखीची एक कॅथलिक बाई म्हणायची, ''आम्ही कर भरतो सरकारी शाळेसाठी आणि फी भरतो वेगळी. दोनदा का भरायचं?'' तिचंही खोटं म्हणता येत नव्हतं. दोन मुलांच्या फीसाठी ती शनिवार-रविवारी जादा काम करायची.

मग अडचण कुठं होती? अडचण अशी की, आयोवात ९९ काउंट्या आहेत, काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यामधलं काहीतरी. त्यांपैकी चाळीसेक काउंट्यांत एकही खासगी शाळा नव्हती. तिथल्या आईबापांनी ते पैसे घेऊन जायचं कुठं? आणि खासगी शाळा आहे तिथं कुणाला प्रवेश द्यायचा हे शाळा ठरवणार. पैसा सरकारचा, निवड शाळेची. सरकारी शाळेला मात्र दारात येईल ते मूल घ्यावंच लागतं. व्हीलचेअरवरचं, भाषा न येणारं, वर्षाच्या मध्येच दुसऱ्या गावाहून आलेलं, सगळं. सुझन क्लार्कच्या निकालाचा अर्थ तोच होता.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे आरटीईचे २५ टक्के आहेतच की, त्यांची फीसुद्धा सरकारच भरतं. मीही आधी तेच म्हटलं. पण आपल्याकडे त्या जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी आहेत आणि सोडत निघते, शाळेला पोरं निवडता येत नाहीत. (भरपाईचे पैसे वेळेवर मिळत नाहीत ही शाळांची तक्रार वेगळी.) आयोवात तिसऱ्या वर्षापासून उत्पन्नाची अटच राहणार नव्हती. लक्षाधीशाच्या मुलालाही तेवढीच रक्कम. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतिरावांनी हाच हिशोब मांडला होता, की सारा भरतो शेतकरी आणि शिकतात वरच्यांची मुलं. माझ्या डोक्यात राहून राहून तेच येत होतं.

आता सारा ट्रोन गॅरियट यांच्याबद्दल. आयोवात आमदारकी ही काही पोट भरायची नोकरी नाही. वर्षाला पंचवीस हजार डॉलर मिळतात आणि अधिवेशन जेमतेम साडेतीन महिन्यांचं. त्यामुळे आमदारही आपापला कामधंदा करतात. या बाई दे मॉइनमधल्या एका संस्थेत काम करायच्या. वेगवेगळ्या धर्मांची मंडळी एकत्र येऊन गरजूंना धान्य देणारी ही संस्था. चर्च, मशीद, देऊळ, सगळीकडे जाऊन माणसं जोडायची हे त्यांचं काम. म्हणजे रोजचा संबंध कुणाशी? महिनाअखेरीला घरातलं पीठ संपलेल्या बायकांशी. २०२० मध्ये त्या पहिल्यांदा राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या, तेही विरोधी पक्षाकडे असलेली जागा खेचून. सिनेट म्हणजे आपल्या विधान परिषदेसारखं वरचं सभागृह, फक्त तिथं लोक थेट मतं देऊन पाठवतात.

दोनच वर्षांत मतदारसंघांची फेररचना झाली. डॅलस काउंटीतल्या नव्या मतदारसंघात त्यांच्यासमोर होते जेक चॅपमन, सिनेटचे अध्यक्ष. मोठं प्रस्थ! या चॅपमन यांनी २०२१ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं होतं की, शाळेत अश्लील पुस्तकं देणाऱ्या शिक्षकांवर फौजदारी गुन्हा दाखल करण्याचा कायदा आणू. वाद होता तो काही नावाजलेल्या कादंबऱ्यांवरून. २०२२ च्या जानेवारीत अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी अध्यक्षपदावरून त्यांनी काही शिक्षकांचे हेतूच वाईट असल्याचं भाषण केलं. शेजारच्या आजी हे सांगताना कॉफीचा कप खाली ठेवायच्या. ''चाळीस वर्षं शिकवलं,'' म्हणायच्या, ''आणि आता मी गुन्हेगार?''

त्यामुळे त्या भागातली निवडणूक म्हणजे नुसती दोन उमेदवारांची राहिली नव्हती. शिक्षक चोर की साव, असं काहीसं होऊन बसलं होतं. मी काही सभेला गेले नाही, बाईंना भेटले नाही. सहा आठवड्यांचं बाळ सोडून कुठं जाणार? पण आजी भर थंडीत दारोदार पत्रकं वाटत होत्या. गुडघे दुखायचे म्हणून एका दिवशी फक्त एक गल्ली. मी त्यांना मेथीचे लाडू दिले. तेही त्यांनी कडू तोंड करून, पण खाल्ले!

माझ्या कोड्याचं उत्तर आजींनी एका वाक्यात दिलं. त्याही लुथरनच. म्हणाल्या, ''येशूनं शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलं. शेजारी निवडून घ्यायला नाही सांगितलं.'' सरकारी शाळेत शेजारी निवडता येत नाही, जो येईल तो बाकावर बसतो. आणि दुसरं कारण, सरकारचा पैसा घेतला की आज ना उद्या सरकारचा हात चर्चमध्ये येणार, याचीही त्यांना भीती होती. असं मानणारे पाळक तिकडे बरेच आहेत हे मला मागाहून कळलं. टेक्सासमध्ये तर चार्ल्स फॉस्टर जॉन्सन या बॅप्टिस्ट पाळकांनी २०१३ मध्ये सरकारी शाळांसाठी पाळकांची संघटनाच उभी केली.

८ नोव्हेंबर २०२२. मत मला नाही आणि लेकीलाही नाही, ती अजून नागरिक झालेली नव्हती. कर भरते, मत नाही. तरी रात्री आम्ही दोघी बाळाला मांडीवर आलटून पालटून घेत मोबाइलवर आकडे बघत बसलो. सारा ट्रोन गॅरियट जिंकल्या. सिनेटच्या अध्यक्षाला पाळकबाईनं पाडलं! सकाळी आजी पायजम्यावरच आमच्या दारात आल्या. मी त्यांना साखर दिली, चमचाभर, हातावर. आपल्याकडे असं करतात म्हटलं.

पण गंमत पुढे आहे. बाई जिंकल्या आणि पक्ष पार झोपला. सिनेटच्या पन्नास जागांपैकी विरोधकांकडे उरल्या फक्त सोळा. त्याआधी गव्हर्नरबाईंनी स्वतःच्या पक्षातले, या योजनेला नाही म्हणणारे आमदार घरी बसवायला सुरुवात केली होती. उमेदवारी ठरवणाऱ्या जूनच्या मतदानात त्यांनी अशांविरुद्ध उभ्या राहिलेल्यांना पाठिंबा दिला. खुद्द शिक्षण समितीचे अध्यक्ष डस्टिन हाइट त्यात पडले. मग बाकीच्यांनी काय धडा घ्यायचा तो घेतला. ९ जानेवारी २०२३ ला अधिवेशन सुरू झालं आणि पंधरा दिवसांत कायदा झालासुद्धा. २३ तारखेच्या रात्री खालच्या सभागृहात ५५ विरुद्ध ४५, मध्यरात्र उलटल्यावर सिनेटमध्ये ३१ विरुद्ध १८. सकाळी गव्हर्नरांची सही. पहिल्या वर्षी मुलामागे ७,६३५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं सहा लाख रुपयांच्या वर.

आजी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. अंगणातलं बर्फ फावड्यानं ओढत राहिल्या.

खरा प्रसंग घडला तो आमच्या घरात, दोन दिवसांनी. जेवताना जावई म्हणाले, ''सरकारी शाळेतून काढून खासगीत घातलं तर पैसे आपल्यालाही मिळतात. एक चांगली अकॅडमी आहे, बघायची का?'' लेक म्हणाली, ''बघू या की.'' माझ्या तोंडून निघून गेलं, ''अगं, चांगली शाळा आहे पोरीची. सगळ्यांनी असं केलं तर त्या शाळेत राहणार कोण?''

लेकीनं ताटातून मान वर केली. ''आई, तू मला का नाही घातलंस तुझ्या शाळेत?''

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाला मी तीस वर्षं टाळत होते. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. एकतीस वर्षं नोकरी केली. दर जूनमध्ये वाड्यावस्त्यांवर फिरून आयांना सांगितलं, ''पोरं आपल्या शाळेत घाला, आम्ही नीट शिकवतो.'' आणि माझी स्वतःची एकुलती एक मुलगी रिक्षात बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायची. एकदा मेंढ्या राखणारा एक बाप पोराचं नाव घालायला आला होता. सही कुठं करायची ते विचारून त्यानं अंगठा उठवला आणि सहज म्हणाला, ''बाई, तुमची ताई कितवीला हाय? दिसंना कधी.'' मी म्हटलं, ती आजीकडे असते. खोटं बोलले. तो 'बरं' म्हणाला आणि अंगठ्याची शाई धोतराला पुसत निघून गेला. त्यानं ओळखलं असणार.

का नाही घातलं? घरच्यांचा आग्रह होता, चार इयत्तांना मी एकटीच होते, इंग्रजीची भीती होती. सगळं खरं. आणि आपली पोरगी मागे पडेल ही भीती सगळ्यांत खरी. दुसऱ्याच्या पोरीसाठी तीच शाळा मी चांगली म्हणत होते. माझ्यासारख्या किती जणींनी हेच केलं! शिक्षिका, तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, ज्यांच्या शब्दाला गावात वजन होतं त्यांनी आपली मुलं आधी काढली. मग शाळेचं गळकं छप्पर हा कुणाच्याच घरचा प्रश्न राहिला नाही. २०२३ मध्ये आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या जवळपास पंधरा हजार शाळांच्या समूह शाळा करण्याची चर्चा निघाली तेव्हा आम्ही निवृत्त शिक्षिकांनीही निवेदनावर सह्या केल्या. सही करताना मला तो अंगठा आठवला.

हे सगळं काही मी लेकीला बोलून दाखवलं नाही. ''चुकलं असेल माझं,'' एवढंच म्हटलं. तीही मऊ झाली. ''चुकलं असं नाही गं. पण मग मला नको ना सांगूस.'' बरोबर होतं तिचं.

नात शेवटी त्याच सरकारी शाळेत राहिली. तत्त्वाबित्त्वासाठी नव्हे हं! अकॅडमी पंचवीस मिनिटांवर होती, सरकारी शाळा पायी पाच. आणि नातीची मैत्रीण तिथं होती.

फेब्रुवारीत मी परतले. तिकडच्या बातम्या लेकीच्या फोनवरून आणि नेटवरून कळत राहिल्या. पहिल्या वर्षी जवळपास १६,७०० मुलांना योजनेचे पैसे मिळाले. त्यांतली दोन तृतीयांश आधीपासून खासगी शाळेतच होती. सरकारी शाळा सोडून आलेलं मूल आठात एक. दुसऱ्या वर्षी आकडा अठ्ठावीस हजारांच्या घरात गेला. काही खासगी शाळांनी फीसुद्धा वाढवली, म्हणजे सरकारचा पैसा एका हातानं आईबापांकडे आणि दुसऱ्या हातानं शाळेकडे. त्या कॅथलिक बाईची मात्र शनिवार-रविवारची नोकरी सुटली. तिला हे पैसे खरंच उपयोगी पडले, तेही सांगायला हवं.

एक बातमी मला जास्त लागली. अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचं जेवण बंद होतं, म्हणून केंद्र सरकारनं गरीब मुलांना महिन्याला चाळीस डॉलर धान्यासाठी द्यायचं ठरवलं. आयोवानं २०२३ च्या डिसेंबरात कळवलं की आम्ही यात सामील होणार नाही. गव्हर्नरबाईंचं म्हणणं, मुलांमध्ये लठ्ठपणा वाढलाय, नुसतं कार्ड देऊन पोषण होत नाही. चाळीस डॉलर! फीसाठी साडेसात हजार आहेत आणि सुट्टीतल्या दाण्यासाठी चाळीस नाहीत. दुष्काळाच्या वर्षी आम्ही मे महिन्यात शाळा उघडून खिचडी शिजवलेली आहे. चुलीपाशी बेचाळीस अंशात उभं राहून. सुट्टीत भात खायला आलेलं पोर कसं खातं ते मी बघितलंय, म्हणून जरा तोंड सुटतं माझं. पीठ संपलेल्या बायका रोज पाहणाऱ्या पाळकबाईंना तेव्हा काय वाटलं असेल, याचा मला अंदाज आहे.

२०२४ मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या. वारं उलटं होतं. जिंकल्या, पण किती मतांनी माहीत आहे? २९! आपल्या ग्रामपंचायतीतसुद्धा एवढी चुरस होत नाही. लेकीचा फोन आला तेव्हा मी पहिलं विचारलं, ''आजींनी किती गल्ल्या केल्या?'' म्हणाली, आजी आता फिरत नाहीत, घरी बसून फोन करत होत्या. पुढे २०२५ मध्ये बाईंनी देशाच्या संसदेची निवडणूक लढवायचं जाहीर केलं. शाळांचा तो कायदा मात्र बदलला नाही. त्याच वर्षापासून उत्पन्नाची अट गेली आणि योजना सगळ्यांना खुली झाली.

निघताना आजींनी ते पाव डॉलरचं नाणं मला देऊन टाकलं होतं. गेल्या वर्षी आमच्या जुन्या शाळेवर झेंडावंदनाला गेले तेव्हा ते बरोबर नेलं. पट चौदा. नव्या बाई चांगल्या आहेत, त्यांचा मुलगाही तिथंच दुसरीत आहे, हे मला नंतर कळलं. मुलं नाण्याभोवती गोळा झाली. ''बाई, यांची शाळा आपल्याएवढीच हाय?'' एका मुलीनं विचारलं. हो म्हटलं. ''मग यांचा पट किती?'' ते काही मला सांगता येईना. तिनं नाणं डोळ्यांजवळ नेलं आणि बोटानं पोरं मोजायला लागली.